पीठ नको, कीस हवा
वाचकांचे प्रश्न : घरगुती सीएनसी कोरीवयंत्र, त्याची बिटं आणि त्याची कुवत

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच यंत्राभोवती फिरतात. ‘३०१८’ या नावाने मिळणारं हे छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं, कोरीवयंत्र. नावातच माप आहे : ३०० बाय १८० मि.मी. खालीवर होणारी हालचाल कागदावर ४५ मि.मी. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, तीन अक्षांना पायरी-पायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी, बहुधा ४ मि.मी. चालीचे (एका फेरीला तेवढं सरकवणारे) स्क्रू, जीआरबीएल या नियंत्रण-सॉफ्टवेअरवर चालणारा बोर्ड आणि बिट (कापणारं टोक) फिरवणारं स्पिंडल म्हणून २४ व्होल्टची ७७५ जातीची मोटर. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे उत्तरांतले आकडे याच यंत्राचे समजावेत. कारखान्यातल्या मोठ्या राऊटरचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण ते इथे उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : यंत्राबरोबर दहा बिटं आली, सगळी सुईसारखी टोकदार. पाटीची पार्श्वभूमी सपाट खोदायला घेतली तर सहा तासांनी नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या दिसल्या. सुरुवातीला कोणती बिटं घ्यावीत? (सातारा)

सोबत येणारी बिटं रेघ ओढायची असतात, जागा खोदायची नव्हे. टोक ०.१ मि.मी. आणि कोन २० किंवा ३० अंश. अशा टोकाने सपाट तळ काढणं म्हणजे अंगण काडीने झाडणं. तळासाठी सपाट टोकाचं बिट लागतं. दुकानात ‘फ्लॅट एंड मिल’ म्हणून मागावं.

दांडा ३.१७५ मि.मी.चा घ्यावा, कारण यंत्रातला कोलेट (बिट आवळून धरणारी पकड) त्याच मापाचा येतो. आकडा विचित्र वाटतो, पण सुताराला तो पाठ असतो : बरोबर एक सूत. हार्डवेअरच्या दुकानातली राऊटर बिटं दोन सूत (६.३५) किंवा चार सूत (१२.७) दांड्याची असतात. चार सुती दांडा या यंत्रात बसत नाही. दोन सुती दांडा ईआर-११ जातीच्या, ६.३५ मापाच्या वेगळ्या कोलेटमध्ये बसतो, पण त्या बिटाचं डोकं जर पाऊण इंचाचं असेल तर मोटर ते ओढणार नाही.

पहिली खरेदी एवढीच पुरे : दोन धारांची ३.१७५ ची सपाट बिटं तीन (पहिलं शिकताना तुटतंच), एक धारेचं सपाट बिट एक, आणि ६ मि.मी. दांड्याचं ६० अंशाचं व्ही-बिट एक, त्यासोबत ६ चा कोलेट. गोल टोकाचं, म्हणजे बॉल-नोज, उठावाचं काम हाती येईल तेव्हा घ्यावं. चाळीस-पन्नास बिटांचा स्वस्त संच टाळावा. त्यात निम्मी पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाची) भोकं पाडायची असतात आणि तुमच्या कामाची चारच निघतात.

धारेची लांबी बघून घ्या. सारख्याच किमतीत १२ मि.मी. आणि २२ मि.मी. धारेचं बिट मिळतं आणि हात आपसूक लांबाकडे जातो. पण बिटाचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. कोलेटबाहेरची लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोराला वाकणं आठपट कमी. जाडी दुप्पट केली तर सोळापट कमी. म्हणून ६ मि.मी. जाड पट्टी कापायला २२ चं बिट लावू नये.

कार्बाइडच घ्या. सागवानात सिलिका असते, ती हायस्पीड स्टीलची धार लवकर मारते. कार्बाइडचा दोष एकच, ते वाकत नाही, सरळ तुटतं. टेबलावरून फरशीवर पडलेलं बिट दिसायला चांगलं असलं तरी भिंगातून धार बघितल्याशिवाय लावू नये.

प्रश्न : सागवान कापताना धूर येतो, कडा काळ्या पडतात. घाबरून वेग अजून कमी केला तर जास्तच जळतं. असं का? (नाशिक)

वेग कमी केला म्हणूनच जळतं. बिटाची प्रत्येक धार दर फेरीला लाकडाचा ठराविक जाडीचा कीस काढते आणि तो कीस उष्णता सोबत घेऊन बाहेर पडतो. यंत्र फार हळू सरकलं तर धारेला कापायला काही उरत नाही, ती नुसती घासते. घासण्याची सगळी उष्णता बिटात आणि लाकडात राहते.

हिशोब सोपा आहे. फीड (बिट सरकण्याचा वेग) म्हणजे फेरे गुणिले धारा गुणिले दर धारेचा कीस. मोटरीचे फेरे मिनिटाला १०,००० धरू (हा आकडा रिकाम्या मोटरीचा, भार पडला की उतरतो). दोन धारा, कीस ०.०३ मि.मी. म्हणजे १०,००० × २ × ०.०३ = ६०० मि.मी. दर मिनिटाला. तुम्ही १५० वर चालवत असाल तर कीस पाऊण शतांश मि.मी. उरतो, आणि तो कीस नव्हे, धूळ आहे.

तक्त्यापेक्षा जमिनीवर काय पडलंय ते बघा. चिमटीत घेतल्यावर पिठासारखं लागलं तर फीड कमी आहे किंवा धार गेली आहे. बारीक किसासारखं, बोटांना कण जाणवणारं पडलं तर जमलं. एमडीएफ मात्र या परीक्षेत बसत नाही, त्याचं नेहमी पीठच पडतं.

मग ६०० वर मोटर कण्हायला लागली तर? फीड नाही, खोली कमी करायची. सागवानात ३.१७५ च्या बिटाने एका पासला (बिटाच्या एका फेरफटक्याला) ०.५ मि.मी. पासून सुरू करा. आवाज एकसारखा राहिला तर ०.८ पर्यंत जा. पाइनसारख्या मऊ लाकडात १ मि.मी. चालतं. शिसव आणि बाभूळ असेल तर ०.४. ‘बिटाच्या जाडीच्या निम्मी खोली’ हा नियम जागोजाग वाचायला मिळतो. तो मजबूत यंत्रांचा आहे. इथे सांगाडा आधी वाकतो, मग पुढचं.

मोटरीऐवजी सुताराचा ट्रिमर बसवलेल्यांची अडचण उलटी आहे. ट्रिमर ३०,००० फेऱ्यांवर फिरतो. दोन धारांना तोच ०.०३ चा कीस द्यायचा तर फीड १,८०० हवं, आणि छोट्या स्क्रूच्या यंत्रावर ते भरवशाने मिळत नाही. वेग कमी करता येणारा ट्रिमर असेल तर १५,००० वर आणून एक धारेचं बिट लावा. ०.०४ च्या किसाला फीड पुन्हा ६०० च येतं.

प्रश्न : दारावरची पाटी व्ही-बिटने कोरतो. इंग्रजी अक्षरं छान येतात. मराठी नावात मात्र शिरोरेखेला काना मिळतो तिथे खड्डा पडतो आणि काही अक्षरांच्या मध्ये शिरोरेखेवर बारीक भेगा राहतात. (पुणे)

हे दोन वेगळे दोष आहेत. भेगांचं आधी. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडं चढतं. पडद्यावर एकसंध रेघ दिसते, पण बाह्यरेषा काढली की ते एकमेकांवर चढलेले वेगळे आकार असतात. सॉफ्टवेअर त्या चढलेल्या भागाला भोक समजतं किंवा दोन्ही कडा कोरतं. उपाय : इंकस्केपमध्ये मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘अनग्रुप’, मग ‘युनियन’. त्यानंतर बाह्यरेषा मोठी करून बघा. ‘श्री’मधला रकार, ‘द्ध’ची गाठ, वेलांटीचं टोक, सगळं एका रेषेत जोडलेलं दिसलं पाहिजे. अनुस्वार तेवढा सुटा राहतो.

आता खड्डा. व्ही-बिट कडेला टेकेपर्यंत खाली उतरतं. म्हणजे दोन कडांच्या मधे बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ जेवढं, तेवढी खोली. शिरोरेखा आणि काना दोन्ही ६ मि.मी. रुंद असतील तर सरळ रेघेत ६ व्यासाचं वर्तुळ बसतं. जिथे काना येऊन मिळतो तिथे खालून जागा मोकळी झाल्याने ७.५ व्यासाचं बसतं. ६० अंशाच्या बिटाला रेघेत ५.२ मि.मी. खोली मिळते आणि जोडावर ६.५. रोमन अक्षरांतही हे होतंच, पण तिथे असे जोड मोजके. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला एक, म्हणून नजरेत भरतं.

त्यात भर म्हणजे ६ मि.मी. डोक्याचं बिट ७.५ मि.मी. रुंद कोरूच शकत नाही, तिथे त्याचा दांडा घासतो. यंत्रासोबतच्या एक सुती बिटाची मर्यादा तर ३.१७५ मि.मी. रुंदीचीच आहे. त्यापेक्षा जाड रेघ त्याने एका ओळीत कोरली जाणार नाही.

तेव्हा रेघेची जाडी ४ मि.मी. पर्यंत ठेवा. जोडावर ५ व्यासाचं वर्तुळ बसेल. ६० अंशाला खोली रेघेत ३.५ आणि जोडावर ४.३, आणि फरक डोळ्याला खुपत नाही. ९० अंशाचं बिट घेतलं तर २ आणि २.५. उथळ कोरलं की सावली फिकी पडते आणि पाटी लांबून वाचता येत नाही. रंग भरणार असाल तर ९०, नुसतं पॉलिश करणार असाल तर ६०.

जाड रेघच हवी असेल तर खोलीला आडकाठी घाला, म्हणजे ‘कमाल खोली ३ मि.मी.’ ठरवा. मग मधला तळ सपाट बिटाने आणि कडा व्ही-बिटने. दोन बिटं वापरताना दोघांचं शून्य (खोली जिथून मोजायची ती पातळी) एकाच जागी घ्यावं लागतं. ६० अंशाच्या बिटाचं शून्य ०.१ मि.मी. चुकलं तरी रेघेची रुंदी ०.१२ ने बदलते आणि तळाशी पायरी दिसते.

आणखी एक : बारा इंची पाटी ३०५ मि.मी. भरते, त्यामुळे पुष्कळ जण छोटी पाटी करतात. गरज नाही. कोरलेला भाग ३०० च्या आत असला की झालं. फळी दोन्ही बाजूंनी बाहेर राहिली तर राहू द्या, कडा करवतीने कापा.

प्रश्न : ६ मि.मी. प्लायवूडच्या जाळ्या कापतो. वरच्या बाजूला कडांची लव उठते. डाउन-कट बिट लावलं तर खाचेत भुसा दाबून बसतो आणि बिट तापतं. मधला मार्ग? (मडगाव)

अप-कट बिटाची पन्हळ भुसा वर काढते, सोबत वरचा पापुद्रा उचलते. डाउन-कट तोच पापुद्रा खाली दाबून कापतं, पण भुसाही खाली ढकलतं. दोन्ही आपलं काम चोख करतात, म्हणून एकाने सगळं भागत नाही.

‘कॉम्प्रेशन’ नावाचं तिसरं बिट मिळतं, खालच्या टोकाला अप-कट आणि वर डाउन-कट. जाहिरातीत ते रामबाण दिसतं. मात्र त्याचा अप-कट भाग पहिल्याच पासमध्ये पूर्ण लाकडात बुडाला पाहिजे, आणि तो भाग काही मि.मी. लांब असतो. अर्धा-अर्धा मि.मी. उतरणाऱ्या यंत्रावर पहिले बरेच पास ते निव्वळ अप-कट म्हणूनच चालतं. या यंत्रासाठी त्यावर पैसे घालवू नका.

चालणारी रीत अशी. पहिले दोन पास, एकूण १ मि.मी., डाउन-कटने. बिट बदलून उरलेलं अप-कटने, आणि दुसऱ्या बिटाचा मार्ग कडेपासून ०.१ मि.मी. टाकाऊ बाजूला घ्या म्हणजे आधीच्या स्वच्छ कडेला ते शिवणार नाही. बिट बदलायचा कंटाळा असेल तर प्लायवर रुंद मास्किंग टेप हाताने घोटून लावा आणि अप-कटनेच कापा. लव बरीच कमी होते, उरलेली १८० च्या पॉलिशपेपरने जाते. खालच्या बाजूला प्लाय टाकाऊ पाटाला घट्ट टेकलेलं असावं. पोकळीवर कापलं की तळही फाटतो.

शेवटच्या पासला तुकडे सुटून बिटाखाली येऊ नयेत म्हणून टॅब (न कापता सोडलेले छोटे पूल) ठेवा : ६ मि.मी. प्लायला ४ मि.मी. रुंद, १.५ मि.मी. जाड, दर हातभर नाही, दर ६० ते ८० मि.मी.ला एक.

प्रश्न : ॲल्युमिनियम चालतं म्हणतात. स्टील? पितळेच्या नावपट्ट्या? (कोल्हापूर)

स्टील नाही. स्टेनलेस तर नाहीच. टोकदार बिटाने पत्र्यावर ओरखडा निघतो, त्याला कोरणं म्हणता येत नाही.

पितळ चालतं आणि सुंदर चालतं. लेथवर वापरतात ते शिसं मिसळलेलं पितळ घ्या, त्याची चिप मोडून पडते. ३० अंशाचं व्ही-बिट, खोली ०.१ ते ०.१५, फीड १५० ते २००. पट्टी दुहेरी टेपने चिकटवण्याआधी तिची पाठ थिनरने पुसा. टेपखाली तेलाचा अंश राहिला की पट्टी तिसऱ्या अक्षरालाच सरकते. तांबं टाळा, ते धारेला चिकटतं.

ॲल्युमिनियमचं उत्तर ‘हो, पण’. मिश्रधातू ६०६१ असेल तर कापता येतो. भंगारातला मऊ पत्रा धारेवर वितळून गोळा होतो आणि पुढच्या सेकंदाला बिट तुटतं. एक धारेचं ३.१७५, फीड ३००, खोली ०.१. म्हणजे ३ मि.मी.ची पट्टी आरपार करायला ३० पास. खाच बिटाएवढीच ठेवू नका, ४ मि.मी. रुंद करा, नाहीतर निघालेल्या चिप्स तेच बिट पुन्हा पुन्हा दळतं. चिप्स ब्रशने किंवा हवेने सतत काढा. सोनेरी-जांभळ्या लेपाची बिटं दिसायला भारी असतात, पण टायटॅनियम-ॲल्युमिनियम-नायट्राइडचा लेप ॲल्युमिनियमला चिकटतो. बिनलेपाचं, घासून चकचकीत केलेलं बिट बरं.

वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमवर रॉकेलचं बोट फिरवायची सवय असते. इथे ती मोडा. ७७५ मोटरीत कार्बन ब्रश आहेत, त्यांच्या ठिणग्या मागच्या भोकातून उघड्या डोळ्यांना दिसतात. कटिंग ऑइलचे दोन थेंब ब्रशने लावा.

सॉफ्टवेअर ‘क्लाइंब’ की ‘कन्व्हेन्शनल’ असं विचारतं, म्हणजे बिटाने कडेने कोणत्या दिशेने सरकत कापायचं. स्क्रू आणि नटात प्ले (ढिलाई) असलेल्या यंत्रावर क्लाइंबमध्ये बिट स्वतःला कापायच्या तुकड्यात ओढून घेतं आणि प्लेएवढी उडी मारतं. धातूत ती उडी म्हणजे तुटलेलं बिट. कन्व्हेन्शनल ठेवा.

प्रश्न : १५० बाय २०० मि.मी.चा गणपतीचा उठाव करायचा आहे. सॉफ्टवेअर पावणेदोन तास दाखवतं, प्रत्यक्षात चार तास लागले आणि सोंडेवरची नक्षी बुजली. (ठाणे)

वेळेचा हिशोब कागदावर असा : ३.१७५ चं बॉल-नोज, ओळींतलं अंतर ०.३. दीडशेला ०.३ ने भागलं की ५०० ओळी, प्रत्येक २०० मि.मी. लांब. एकूण १०० मीटर. फीड १,०००, म्हणजे १०० मिनिटं. पण उठावात बिट सतत खालीवर होतं आणि झेड अक्षाचा कमाल वेग बोर्डात बहुधा ५०० च्या आसपास बांधलेला असतो (जीआरबीएलच्या $११२ या सेटिंगमध्ये बघा). ४५ अंशाच्या उतारावर म्हणून मार्गाचा वेग ७०० च्या वर जातच नाही, गालाच्या उभ्या कडेवर तर अजून कमी. त्यात प्रत्येक चढउतारावर वेग कमी-जास्त करण्यात वेळ जातो. झेडचा वेग वाढवून बघू नका. स्पिंडलचं सगळं वजन तोच उचलतो, आणि तिथे मोटरीच्या पायऱ्या सुटल्या की उरलेला गणपती तेवढा खोल जातो.

नक्षी बुजली कारण ३.१७५ च्या गोल टोकाची त्रिज्या १.६ मि.मी. आहे. त्याहून बारीक खाचेत ते शिरतच नाही. नक्षीसाठी निमुळतं बॉल-नोज घ्या, टोकाची त्रिज्या ०.५. ओळींतलं अंतर ०.२ ठेवलं तर दोन ओळींमधला उंचवटा ०.०१ मि.मी. राहतो. अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट, हे त्याचं सूत्र. ०.१ ठेवून वेळ दुप्पट करण्यात अर्थ नाही, सागवानाचा रेषाच त्याहून खरखरीत असतो.

बारीक बिट सबंध चित्रावर फिरवू नका. आधी सपाट ३.१७५ ने अर्धा-अर्धा मि.मी. उतरत ढोबळ आकार काढा, ०.४ मि.मी. शिल्लक ठेवून. मग जाड बॉल-नोज सगळीकडे. मग बारीक फक्त चेहरा, सोंड, मुकुट यांच्याभोवती चौकट आखून. ओळी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घाला, आडव्या घातल्या तर टोकांवर कुस उठते.

हे तीन अक्षांचं यंत्र फक्त वरून बघतं. सोंडेच्या मागची पोकळी, कानामागचा आतला वळसा, बोटांमधून आरपार दिसणं, हे निघणार नाही. ते पटाशीने हातानेच करायचं.

प्रश्न : काम निम्मं झाल्यावर पुढचा सगळा भाग ३ मि.मी. उजवीकडे सरकलेला येतो. जी-कोड (यंत्राला दिलेल्या हालचालींची यादी) तपासला, बरोबर आहे. (नागपूर)

स्टेपर मोटरीला ‘इतक्या पायऱ्या चढ’ एवढंच सांगितलेलं असतं. ती खरंच चढली की नाही हे बोर्डाला कळायची सोयच या यंत्रात नाही. बिट क्षणभर अडकलं, क्लॅम्पला धडकलं, किंवा वायर ताणली गेली की पायऱ्या सुटतात आणि यंत्र चुकलेल्या जागेलाच बरोबर समजून पुढे चालतं.

आधी कपलर बघा. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या त्या नळीचे ग्रब स्क्रू कंपनाने ढिले होतात. मोटरीच्या दांड्यावर आणि कपलरवर मिळून मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर गुन्हेगार सापडला. रेघ जुळलेली असेल तर पायऱ्या सुटल्या : खोली कमी करा आणि $१२० मधला प्रवेग उतरवा.

प्रत्येक वेळी दिशा बदलताना ०.१-०.२ ने चुकत असेल, ४० मि.मी.चं वर्तुळ चार ठिकाणी चपटं येत असेल, तर तो प्ले आहे, सुटलेल्या पायऱ्या नव्हेत. नटाची स्प्रिंग बघा. अशा वेळी $१०० चा (एका मि.मी.ला किती पायऱ्या, हा) आकडा बदलून माप ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. तो करू नका. मोटरीच्या एका फेरीच्या २०० पायऱ्या गुणिले १६ (प्रत्येक पायरीचे बारीक भाग) भागिले स्क्रूची ४ मि.मी. चाल, म्हणजे ८००, हा आकडा स्क्रूच्या घडणीतून येतो. खाचेच्या रुंदीवरून तो बदलला तर बिटाचं वाकणं आणि प्ले दोन्ही त्यात मिसळतं आणि लांब मापं बिघडतात.

यंत्रावर पूर्वी लेझर लावला होता का? $३२ या लेझरच्या सेटिंगला १ राहिलं असेल तर जलद हालचालीत बोर्ड स्पिंडल बंद करू शकतो आणि थांबलेलं बिट लाकडात घुसतं. स्पिंडल वापरताना ते ० हवं.

प्रश्न : ३ मि.मी. दांड्याचं बिट ३.१७५ च्या कोलेटमध्ये आवळलं जातं. चालेल? (लातूर)

आवळलं जाईल, चालवू नये. कोलेट पुढच्या तोंडाशी जास्त मिटतो, दांडा कडेवर धरला जातो आणि टोक डगमगतं. अप-कट बिट अशा पकडीतून हळूहळू खाली ओघळतं. काम सुरू करताना खोली बरोबर आणि शेवटी अर्धा मि.मी. जास्त, हे त्याचं लक्षण. ३ चा कोलेट वेगळा मिळतो. कोलेट आधी नटात ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर. उलट केलं तर बिट कधीच मध्यावर येत नाही.

प्रश्न : ॲक्रिलिक कापताना मागे पुन्हा चिकटतं. (रत्नागिरी)

दोन जातींचं ॲक्रिलिक मिळतं. एक्स्ट्रुडेड स्वस्त, लवकर वितळतं. कास्ट थोडं महाग, त्याची स्वच्छ चिप पडते. कास्टच मागा. एक धारेचं अप-कट, फीड ६००, खोली ०.५, व्हॅक्यूमचं तोंड बिटाजवळ. वरचं संरक्षक आवरण कागदाचं असेल तर राहू द्या. प्लास्टिकचं असेल तर कापायच्या जागेवरून सोलून काढा, ते बिटाला गुंडाळलं जातं.

प्रश्न : पीसीबीवर काही रेघा तुटतात, काही एकमेकांना चिकटलेल्या राहतात. (पुणे)

बोर्ड सपाट नाही. तांब्याचा थर ३५ मायक्रॉन, आणि बोर्डाला बाक सहज ०.२ मि.मी.चा. ३० अंशाचं, ०.१ टोकाचं बिट ०.१ खोलीवर ०.१५ रुंद रेघ कोरतं. बाकामुळे तेच ०.३ खोल गेलं की ०.२६ रुंद. कँडल या मोफत सॉफ्टवेअरात ‘हाइटमॅप’ ही बोर्डाचा चढउतार मोजून खोली सावरणारी सोय आहे : प्रोबची (उंची चाचपणाऱ्या जोडणीची) एक वायर तांब्याला, दुसरी बिटाला, आणि १० मि.मी. अंतराची जाळी मोजून घ्या. बाहेरची कड कापायला कणसासारख्या दातांचं ‘कॉर्न’ बिट. यातली धूळ काचेच्या तंतूंची असते. एन-९५ मास्क लावा आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : ७७५ मोटर काढून ५०० वॅटचं स्पिंडल बसवलं तर दुप्पट खोल कापता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. मोटर कमी पडते म्हणून थांबावं लागतं असं वाटतं, पण त्याआधीच सांगाडा वाकलेला असतो. खात्री करायची असेल तर वीज बंद करून स्पिंडलचं टोक दोन बोटांनी बाजूला दाबा. किती हलतं ते दिसेल. तेवढंच ते कापतानाही हलतं, मोटर कोणतीही असो.

फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. ७७५ वर ईआर-११ चा तुकडा बहुधा ५ मि.मी.च्या दांड्यावर बाजूच्या ग्रब स्क्रूंनी अडकवलेला असतो, त्यामुळे तो एका बाजूला ढकलला जातो आणि बिट डगमगतं. ५०० वॅटच्या स्पिंडलमध्ये कोलेटची बैठक मूळ दांड्यावरच घडवलेली असते, फेरे १२,००० पर्यंत जातात आणि भाराखाली कमी उतरतात. कडा स्वच्छ येतात, बिटं जास्त टिकतात. खोली तीच ठेवायची.

बसवताना तीन गोष्टी बघा. मूळ पकड साधारण ४५ मि.मी.ची असते, या स्पिंडलला ५२ ची लागते. वीजपुरवठा वेगळा लागतो, ३०१८ चा २४ व्होल्टचा ॲडॅप्टर त्याला पुरत नाही. आणि झेडची बैठक प्लास्टिकची असेल तर आधी ती धातूची करा, नाहीतर जड स्पिंडलने ती पुढे झुकते आणि सपाट खोदलेल्या तळावर प्रत्येक ओळीला नखाला लागेल अशी पायरी येते.